वृद्धांचें पडणें आणि घरांतील वाट

घरांतील आजी अगर आजोबा पडले म्हणजे ‘वयच झालें’ असें म्हणून आपण मोकळे होतों. आमचें मत निराळें आहे. असें पडणें बहुधा केवळ दैवाचें नसतें. त्याची तयारी घरांत आधींपासून झालेली असते. पासष्टीपुढील दर तीन माणसांपैकीं सुमारें एक वर्षांतून एकदां तरी पडतें, आणि जगांतील अपघाती मृत्यूंच्या कारणांत वाहनांच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रम लागतो.

आपल्या वरळीच्या बी. डी. डी. चाळीची जुनी खोली घ्या. सन १९२० च्या सुमारास मुंबई सरकारच्या विकास खात्यानें या चाळी बांधण्यास आरंभ केला. त्या खात्याचीं आद्याक्षरें त्यांस कायमचीं चिकटलीं. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप सर्वांस मिळून सामाईक. एवढ्याशा खोलींत रात्रीं अंथरुणें पसरलीं कीं पाऊल ठेवावयास जागा ती किती? आजी पहाटेच्या अंधारांत उठतात, झोपलेल्या नातवंडांस ओलांडतात, मोरीजवळच्या ओल्या फरशीवरून उंबरा गांठतात आणि पॅसेजमधून शौचकूपाकडे जातात. त्यांतून मोतीबिंदूनें दृष्टि मंद, पाय दुर्बळ आणि पोटांत रक्तदाबाचें किंवा झोपेचें औषध! एकदम उठल्यानें रक्तदाब उतरून डोळ्यांपुढें अंधारी येते. उतारवयांत हाडें, विशेषतः स्त्रियांचीं, ठिसूळ होतात. म्हणून साध्या घसरण्यानेंहि खुब्याजवळचें हाड मोडतें.

ऑगस्ट २०२५ मध्यें येथील ५५६ कुटुंबांस नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शौचकूप घरांत आलें, लिफ्टनें जिन्याचे कष्ट वांचविले, ही मोठीच सोय झाली. परंतु जुनी खोली पायांस पाठ असते, नवी नसते. पन्नास वर्षें ज्या बाजूस वळून दार सांपडलें, त्या बाजूस आतां भिंत असते! शिवाय गुळगुळीत फरशी ओली झाली कीं पाय ठरत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, येथें तुमचें काम आहे. आज रात्रीं आजोबांच्या अंथरुणापासून शौचकूपापर्यंत स्वतः चालून पाहा. वाटेंत दप्तर, चपला, दिव्याची वायर, दुमडलेली सतरंजी जें आडवें येईल तें उचला. एक लहान दिवा रात्रभर जळूं द्या. न्हाणीघरांत भिंतींत पक्की बसविलेली दांडी असावी. टॉवेलची दांडी माणसाचें वजन पेलत नाहीं. उठतांना आजोबांनीं क्षणभर बसून मग उभें राहावें. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावयाची असते आणि तिची मूठ मनगटाशीं यावी. वडिलार्जित काठी मानाची खरी, पण पुष्कळदां मापाची नसते.

पालकांनीं डोळ्यांची तपासणी करवावी आणि चालूं असलेलीं सर्व औषधें एकदां डॉक्टरांस दाखवावीं. पडतील या भयानें वृद्धांस बसवून ठेवणें हें मात्र आम्हांस मुळींच पसंत नाहीं. बसून पाय अधिकच लुळे पडतात. ओट्यास धरून एका पायावर उभें राहणें, भक्कम खुर्चीवरून दहा वेळां उठणें-बसणें, हा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज करावा.

इतकें करूनहि कोणी पडलेंच तर चारी बाजूंनीं धांवून, बगलेंत हात घालून उभें करूं नका. प्रथम कोठें दुखतें तें विचारा. एक पाय आंखूड व बाहेर वळलेला दिसला, किंवा डोक्यास मार लागला असला, तर हलवूं नका. अंगावर पांघरूण घाला, जवळ बसा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.