जलाशयाचा पाठ : कोयनेचा शिवसागर

धरणाची उंची व लांबी मुलांकडून घोकून घेतली म्हणजे जलाशय शिकवून झाला, असे शिक्षक बंधुभगिनींनी मानू नये. पाणी कोठून आले, कोठे गेले आणि त्याखाली काय गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांना देता आली पाहिजेत. नमुन्यादाखल सातारा जिल्ह्यातील शिवसागर घेऊ.

पूर्वज्ञान : कोयना महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते व कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. हा मार्ग मुलांनी प्रथम नकाशावर बोटाने दाखवावा.

विषयविवेचन : हेळवाकनजीक १०३ मीटर उंचीचे धरण बांधून सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठविण्याची सोय झाली. नदी पूर्वेस जाते, मग विजेसाठी पाणी पश्चिमेस का नेले? हा पाठाचा गाभा होय. पूर्वेस उतार मंद आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. नवजा येथून बोगद्याने नेलेले पाणी सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते व यंत्रे फिरविते.

प्रयोग : पत्र्याच्या डब्यास एकाखाली एक अशी दोन छिद्रे पाडून डबा पाण्याने भरावा. खालच्या छिद्रातील धार अधिक जोराने उडते. पाण्याचा स्तंभ जितका उंच तितका दाब अधिक, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

वीज काढल्याने पाण्याचा कस जातो, असा गैरसमज पुष्कळ ठिकाणी आढळतो. पोफळीचेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्यावर पुन्हा यंत्रे चालवितात आणि नंतर ते वाशिष्ठीस मिळते, हे सांगितल्यास तो सहज दूर होईल. पाणी तेच राहते. उपयोग होतो तो त्याच्या पडण्याचा. मात्र पश्चिमेस गेलेले पाणी कृष्णाकाठच्या शेतीस मिळत नाही, हेही सांगावे.

दुसरी बाजू : या पाण्याखाली अनेक गावांची घरे, शेते व देवळे गेली. काही कुटुंबे वरच्या डोंगरांवर सरकली, काही दूरच्या जिल्ह्यांत वसली. पर्यायी जमिनीसाठी पुष्कळांना अनेक दशके खेटे घालावे लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली व धरणास तडे गेले. पुढे धरण बळकट करण्यात आले. या भागातील भूकंपांचा जलाशयाशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञ मानतात.

आपल्या वर्गात धरणग्रस्त घरचे मूल असल्यास हा भाग विशेष जपून शिकवावा. त्याच्या आजोबांनी सोडलेल्या गावाचे नाव फळ्यावर मानाने लिहावे. वर्गातील दिव्याच्या उजेडात त्या गावाचाही वाटा आहे, हे इतर मुलांना कळू द्यावे.

स्वाध्याय :
१. कोयनेचे पाणी कोणत्या दोन समुद्रांकडे जाते? नकाशात दाखवा.
२. पाणी उंचावरून पाडल्याने काय साधते?
३. आपल्या तालुक्यातील एखाद्या धरणासाठी किंवा तलावासाठी कोणती वस्ती हलली, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.