"माझ्या मशीनवर चालतंय!" पुढे काय?

फायनल इयरच्या प्रत्येक बॅचमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर, माझ्या मशीनवर चालतंय!" वायव्हापुरतं ते पुरतं. पण शेजारच्या खोलीतल्या मित्राने तेच सॉफ्टवेअर मागितलं की आपण पेन ड्राइव्हवर फोल्डर देतो आणि सोबत तोंडी सूचना: आधी पायथॉन टाक, मग ही लायब्ररी, मग पाथ सेट कर... तिसऱ्या सूचनेला मित्र कंटाळतो. वर्षभरात प्रोजेक्ट फक्त ब्लॅक बुकमध्ये उरतो. अडचण प्रोग्रॅमिंगची नसते, पॅकिंगची असते. म्हणून आज इन्स्टॉलर पॅकेजविषयी.

आपल्या राज्यातलं उदाहरण

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं 'ईसिम' हे सर्किट डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ऐकलं असेल. त्यात कायकॅड, एनजीस्पाइस अशी तयार साधनं पायथॉनने एकत्र जोडली आहेत. म्हणजे ईसिम चालायला ही सगळी मंडळी हजर हवीत! उबंटूसाठी ते झिप फाइलमध्ये मिळतं. आतली स्क्रिप्ट चालवली की लागणारी पॅकेजेस नेटवरून उतरतात. त्याच स्क्रिप्टला काढून टाकण्याचाही पर्याय आहे. विंडोजसाठी मात्र वेगळी सेटअप फाइल. टूल एकच, पण दोन प्लॅटफॉर्मना दोन वाटा. असं का?

लिनक्स: लेबल महत्त्वाचं

शिरगावहून लोणावळ्याला गेलात की चिक्की आणताच. बॉक्सवर नाव, वजन, घटक, तारीख छापलेली असते. डेबियन आणि उबंटूचं 'डेब' पॅकेज तसंच समजा. त्यात तीन गोष्टी असतात: फॉरमॅटची आवृत्ती सांगणारी छोटी फाइल, 'कंट्रोल' म्हणजे लेबल, आणि 'डेटा' म्हणजे माल. लेबलवर पॅकेजचं नाव, व्हर्जन, आर्किटेक्चर, मेंटेनर आणि सगळ्यात महत्त्वाचं 'डिपेंड्स', म्हणजे आणखी काय काय लागेल, हे लिहायचं. ही यादी वाचून 'एप्ट' बाकीची पॅकेजेस स्वतः आणतं. यादीत एक नाव राहिलं तर तुमच्या मशीनवर काहीच कळणार नाही, कारण तुमच्याकडे ती लायब्ररी आधीच आहे. बोंब मित्राच्या मशीनवर होते.

फेडोरा आणि रेड हॅटवाले 'आरपीएम' वापरतात. तिथे हेच काम 'स्पेक' फाइल करते. कल्पना तीच, व्याकरण वेगळं.

विंडोज: डबा सोबत घ्या

विंडोजमध्ये सेटअप फाइलने सगळं सामान स्वतः आणावं, अशी जुनी रीत आहे. पायथॉन प्रोग्रॅम 'पायइन्स्टॉलर'ने बांधायचा आणि त्यावर एनएसआयएस किंवा इनो सेटअपने इन्स्टॉलर चढवायचा. दोन पथ्यं पाळा. पहिलं, युजरच्या फाइल्स 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये ठेवू नका. २००७ च्या व्हिस्टापासून साध्या परवानगीने तिथे लिहिता येत नाही. त्यासाठी 'अॅपडेटा' आहे. दुसरं, अनइन्स्टॉलची नोंद रजिस्ट्रीत करा, नाहीतर सॉफ्टवेअर काढायचं कुठून हेच युजरला समजत नाही.

आणि हो, पायइन्स्टॉलर ज्या सिस्टिमवर चालवाल तिचीच फाइल देतो. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी मिळत नाही.

मॅक: शिक्का हवा

मॅकवर अॅप 'डीएमजी' फाइलमधून देतात. २०१९ च्या कॅटालिनापासून अॅप स्टोअरबाहेरच्या सॉफ्टवेअरवरही डेव्हलपरची सही आणि अॅपलची 'नोटरायझेशन' तपासणी लागते, नाहीतर मॅक ते उघडायला अडवतो. शिवाय २०२० पासून अॅपलने स्वतःची चिप आणली, म्हणून इंटेल आणि आर्म या दोन्हींसाठी बिल्ड करावं लागतं.

हमखास फसवणारी गोष्ट

उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी ही मूळ सी लायब्ररी २.३५ आहे, तर २०.०४ मध्ये २.३१. नव्यावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर चालवला की "जीलिबसी २.३४ सापडत नाही" अशी एरर येऊ शकते. उलट दिशेने सहसा प्रश्न येत नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा: जितक्या जुन्या सिस्टिमला सपोर्ट द्यायचा, तितक्या जुन्या सिस्टिमवर बिल्ड करा.

प्रकाशित करताना

फाइलच्या नावात व्हर्जन, प्लॅटफॉर्म आणि आर्किटेक्चर लिहा. 'फायनल', 'न्यू फायनल', 'लास्ट फायनल' ही व्हर्जन्स नव्हेत! एकदा दिलेल्या व्हर्जनची फाइल गुपचूप बदलू नका. दुरुस्ती केली तर आकडा वाढवा. सोबत एसएचए-२५६ चेकसम द्या, म्हणजे अर्धवट उतरलेली फाइल ओळखता येईल. मात्र चेकसमने फाइल कोणी बनवली हे सिद्ध होत नाही, त्यासाठी डिजिटल सही लागते. आणि दुसऱ्यांच्या लायब्ररी पॅकेजमध्ये घालत असाल तर त्यांची लायसन्स वाचा.

शेवटची परीक्षा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये कोरी सिस्टिम टाका. पॅकेज इन्स्टॉल करा, चालवा, मागच्या व्हर्जनवरून अपग्रेड करून बघा, मग काढून टाका. काही कचरा उरला का ते तपासा. हे सगळं तुमच्या ग्रुपबाहेरच्या मुलाकडून करून घ्या आणि तुम्ही शेजारी बसून तोंड बंद ठेवा. त्याने जिथे "आता काय?" विचारलं, तिथे तुमचं पॅकेज अपुरं आहे.

आपण कॉलेज सोडून जाणार, पण प्रोजेक्ट इथेच राहणार आहे. पुढच्या वर्षीच्या ज्युनियरला तुमचा फोन नंबर न शोधता तो चालवता आला, तर तुमचं काम पूर्ण झालं म्हणायचं. यंदाच्या सबमिशनला रिपोर्टच्या आधी पॅकेज बनवून बघा तर खरं!