चित्रकार डडली आणि समुद्रतळाची तार
(इतिहास व चित्रकला : समवाय पाठ)

पाठ्यपुस्तकात शोधाचे साल येते. तो शोध ज्या कष्टांतून व अपयशांतून सिद्धीस गेला, त्यांचे दर्शन विद्यार्थ्यांस क्वचितच घडते. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या तारेचा इतिहास यास अपवाद आहे. रॉबर्ट चार्ल्स डडली (१८२६–१९०९) या इंग्रज चित्रकाराने त्या कामाची प्रत्यक्ष पाहून चित्रे काढून ठेविली आहेत.

१८५८ मध्ये टाकलेली पहिली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. १८६५ मध्ये अधिक जाड तार सिद्ध झाली. तिच्या गाभ्यात तांब्याच्या ७ तारांचा पीळ होता. त्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाची पुटे दिली होती. त्यांमुळे वीज बाहेर जात नसे व पाणी आत शिरत नसे. सर्वांत वर दोऱ्यांनी मढविलेल्या लोखंडी तारांचे वेष्टन होते. ही तार ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजातील हौदांत गुंडाळून ठेविली गेली. जुलै १८६५ मध्ये जहाज आयर्लंडमधील व्हॅलेन्शियाहून निघाले. डडली त्याच जहाजावर होते.

त्या काळच्या छायाचित्रणास हलत्या जहाजावरील चालते काम टिपणे कठीण होते. ते कार्य डडली यांच्या कुंचल्याने केले. हौदातून उलगडत जाणारी तार त्यांनी चितारली. ३१ जुलै रोजी तारेतील दोष शोधणारी माणसेही चितारली. २ ऑगस्ट रोजी, सुमारे १,२०० मैल तार टाकून झाल्यावर, ती तुटून दोन मैलांहून अधिक खोल पाण्यात गेली. गळ टाकून ती वर काढण्याचे प्रयत्न झाले. दोर पुनःपुन्हा तुटले. ९ ऑगस्टच्या रात्री डेकवर पेटलेली लोहारांची भट्टीही डडली यांच्या चित्रात आहे. अखेर जहाज रिकाम्या हाताने परतले.

तथापि तार जेथे तुटली ती जागा नोंदलेली होती. २७ जुलै १८६६ रोजी नवी तार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यास पोहोचली. त्यानंतर जुन्या तारेचे टोकही हाती लागले व सप्टेंबरमध्ये तीही पूर्ण झाली. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली. डडली यांची अनेक चित्रे या कार्याचे प्रवर्तक सायरस फील्ड यांनी १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिली.

वर्गातील उपयोजन : विहिरीचे खोदकाम, गाडीच्या चाकास धाव चढविणे, कुंभाराची भट्टी यांपैकी गावात चालू असलेले एखादे काम विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून तीन वेळा रेखाटावे : आरंभी, अडचण येते तेव्हा व शेवटी. प्रत्येक चित्राखाली दिनांक व काम करणाऱ्यांचे नेमके कृत्य लिहावे. चित्राच्या सुबकतेपेक्षा निरीक्षणाच्या खरेपणास अधिक गुण द्यावेत. काम फसले असल्यास ते चित्र खोडू देऊ नये. पुढील प्रयत्न कोठून आरंभावयाचा हे तेच सांगते.