रंगावरून जात सांगू नका

पाऊस स्थिरावला की माझ्या मोबाइलवर लाल, पिवळ्या, शेंदरी छत्र्यांचे, म्हणजे अळंब्यांचे, फोटो येऊ लागतात. बहुतेक फोटो वरून काढलेले असतात, आणि खाली प्रश्न : "सर, ही कोणती?" हायग्रोसायबी वंशातली असेल, तर अशा फोटोवरून जातीचे नाव मी सांगत नाही.

आंबोलीला रस्त्याकडेच्या गवतात टोकदार टोपीची एक नारिंगी छत्री मी पाहत होतो. देठाला जिथे बोट लागले तिथे थोड्या वेळाने राखाडी डाग उमटला. दुसऱ्या दिवशी टोपीच्या कडेपासून देठाच्या बुडापर्यंत ती काळी ठिक्कर पडली होती. आदल्या दिवशीचा फोटो ज्याच्याकडे नाही, तो हिला वेगळीच जात समजणार. हे काळे पडणे म्हणजे हायग्रोसायबी कोनिका आणि तिच्या भावकीची खूण. पण 'कोनिका' हे नाव युरोपातल्या छत्रीला १७७४ साली दिलेले आहे, आणि डीएनए तपासल्यावर तिथेच या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. मग सह्याद्रीतल्या छत्रीला ते डोळे झाकून कसे चिकटवायचे? केरळातल्या हायग्रोसायबींवरचा सविस्तर अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातही नव्या जातींची वर्णने करावी लागली.

रंगाचा तर भरवसाच नाही. दोन सरी पडल्या की लाल टोपी पिवळट होते, ऊन लागले की फिकी. म्हणून छत्री ताजी आहे तोवर तिथेच बसून पाहा. टोपी बुळबुळीत आहे की कोरडी? देठ तसाच आहे का? कोरड्या टोपीवर बारीक खवले आहेत का, हे भिंगातून बघा. टोपीखालचे कल्ले जाडसर, विरळ आणि बोटाला मेणचट लागतात. ते देठावर उतरतात की देठापाशी येऊन थांबतात, हे टिपून ठेवा. वास घ्या. खालून आणि बाजूने फोटो काढाच, कारण निम्मी ओळख तिथे असते.

घरी आणायची तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून तिचा लगदा होतो. कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काही उचलायचे नाही. रात्री टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा आणि वर वाटी झाका; सकाळपर्यंत गळलेल्या बीजाणूंचा ठसा कागदावर उमटतो. हायग्रोसायबीचे बीजाणू पांढरे. नुसत्या पांढऱ्या कागदावर ते दिसतच नाहीत. ठसा गुलाबी उमटला, तर वंशच दुसरा. एन्टोलोमा वंशातल्या काही टोकदार नारिंगी छत्र्या हुबेहूब अशाच दिसतात, आणि हा गोंधळ मी दर पावसाळ्यात पाहतो.

पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे. बीजाणूंचा आकार आणि मापे घेतल्याशिवाय लाल रंगाच्या बारक्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी नमुना मंद उबेवर पूर्ण वाळवून नोंदीसह जपायला हवा. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या आजरेकर संग्रहात बुरशींचे असे वाळवलेले नमुने पिढ्यानपिढ्या सांभाळले गेले आहेत.

यातली कुठलीही छत्री खाऊन पाहू नका, नाव कळले असे वाटले तरीही. आणि नोंद करताना 'हायग्रोसायबी, जात अनिश्चित' असे लिहायला कचरू नका. जागा, तारीख आणि कल्ल्यांचा फोटो सोबत असेल, तर ती नोंद पुढच्या अभ्यासकाला नक्की उपयोगी पडते.