आधी घरी सांग

पंढरपुरातल्या नवरंगे बालकाश्रमाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली तिथे अनाथ आणि टाकलेल्या मुलांसाठी हे घर उघडलं. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विठ्ठलाच्या दर्शनाचं निमित्त सांगून घरची माणसं दिवस गेलेल्या विधवा लेकीसुनांना पंढरपुरात आणायची, बाळंतपण उरकायची आणि मूल मागे ठेवून परत जायची. चारचौघांत सगळं सोवळंच.

आज गर्भपाताचा कायदा आहे. लपवाछपवी मात्र तशीच आहे. आईबापांनो, बोलायचंय ते याच लपवाछपवीबद्दल.

आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, गर्भपात म्हणजे गुन्हाच. दवाखान्यातली ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी वाचून तो समज पक्का होतो. ती पाटी वेगळ्या, १९९४ च्या कायद्याची. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्यात ठरलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही जणींना, त्यात अत्याचारपीडित आणि अल्पवयीन मुली आल्या, दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भनिरोधक फसलं हे कारण आता अविवाहितेलाही चालतं. सज्ञान बाईला नवऱ्याची किंवा बापाची सही लागत नाही. अठराच्या आतल्या मुलीला मात्र पालकाची लेखी संमती लागते. म्हणजे जिला घरी सांगायची सगळ्यात जास्त भीती, तिलाच तुमच्याशिवाय दार उघडत नाही.

आणि वेळ हातातून फार भराभर जातो. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी एक आठवडा पुढे गेली तेव्हा हिशेबात पाच आठवडे झालेले असतात. दुसरी चुकली की आठ. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवड्यांची. उरला एक आठवडा, आणि पोरगी अजून ‘आईला कसं सांगू’ इथेच अडलेली.

मग कुणीतरी मैत्रीण मेडिकलमधून गोळ्या आणून देते. कागदाच्या पुडीत, माहितीपत्रकाशिवाय. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काम होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. कधी अर्धवट राहतं, रक्तस्राव थांबत नाही, ताप चढतो. तेव्हा आधी सिव्हिल हॉस्पिटल गाठा. कुणी ओळखीचं भेटेल म्हणून परगावी पळू नका.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांना भाग आहे. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने त्या माहितीत तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. मात्र तिच्यावर जबरदस्ती झाली असेल तर इभ्रतीपायी ते दडपू नका.

आपल्याकडे विडी कामगारांच्या घरात मांडीवर सूप घेऊन आई विड्या वळत असते, शेजारी लेक पानं कापत असते. मालिका, भाव, मामाचं लग्न, सगळ्या गप्पा होतात. एवढी एक गोष्ट मात्र निघत नाही. तिला सांगा, ‘काहीही झालं तरी आधी घरी सांग. ओरडायचं ते नंतर ओरडेन.’ हे आत्ताच, काही घडायच्या आधी सांगायचं असतं. बापानेही सांगावं, त्याचा धाक मोठा, म्हणून त्याच्या शब्दाचं वजनही मोठं.

गर्भनिरोधनाबद्दल सांगितलं तर पोरं बिघडतील, अशी शंका येईल. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. लग्न झालेल्या लेकीला तर एवढं सांगाच, की सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या फुकट मिळतात. असुरक्षित संबंधांनंतरची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी.

आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्ही इतका वेळ ‘हे मुलीवाल्यांचं’ म्हणून वाचत असाल. निरोधचा विषय तुमच्या घरी कोण काढणार आहे?