शंभर किक्कारांचं काय?

आजचे वाचन : २ इतिहास, अध्याय २५



दावीद, हिज्कीया, योशीया यांच्यावर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. अमस्यावर क्वचितच. तो २५ व्या वर्षी यहूदाच्या गादीवर बसला आणि त्याने यरुशलेमेत २९ वर्षे राज्य केले. या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात त्याचा सगळा अहवाल येतो. देवाला जे बरोबर वाटे ते हा राजा करत असे. पण ते करताना त्याचे सगळे मन त्यात नसे.

मूळ हिब्रूमध्ये इथे 'शालेम' हा शब्द आहे. 'शालोम' म्हणजे शांती, हाही त्याच धातूतला. शालेम म्हणजे अखंड. अनुवाद २७:६ मध्ये वेदीसाठी न घडवलेले, अखंड दगड वापरायला सांगितले आहे, तिथेही हाच शब्द येतो. म्हणजे पूर्ण मन म्हणजे खूप जोश किंवा मोठ्या आवाजातली प्रार्थना नव्हे. पूर्ण मन म्हणजे ज्यातून एकही कोपरा बाजूला काढून ठेवलेला नाही असे मन.

अमस्या वाईट माणूस नव्हता. वडिलांना ठार मारणाऱ्यांना त्याने शिक्षा दिली, पण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्यांच्या मुलांना हात लावला नाही. मग अदोमाशी लढाई करायची म्हणून त्याने स्वतःचे तीन लाख लोक मोजले, आणि तेवढ्याने भागेना म्हणून १०० किक्कार रुपे मोजून इस्राएलातले आणखी एक लाख सैनिक भाड्याने आणले. तेव्हा देवाचा एक माणूस येऊन म्हणाला, यांना बरोबर नेऊ नकोस, परमेश्वर यांच्याबरोबर नाही. अमस्याने काय विचारले? देवाची इच्छा काय, हे नाही. त्याने विचारले, मी देऊन बसलो त्या शंभर किक्कारांचं काय?

हा प्रश्न वाचताना मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण हाच प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून मी रात्रीचं एक काम घेतलं होतं. ऑनलाइन वस्तू विकणाऱ्या एका छोट्या दुकानाची वेबसाइट. ६०,००० रुपये आगाऊ मिळाले, आणि ते घराच्या हप्त्यात आणि मुलीच्या शाळेच्या फीमध्ये गेलेसुद्धा. प्रत्येक वस्तूखाली एक ओळ हवी होती : 'आत्ता २३ जण ही वस्तू पाहत आहेत.' तो आकडा कुठूनही मोजून येत नव्हता. १५ ते ४० मधला कुठलाही एक आकडा उचलून दाखवायचा, चार ओळींचा कोड. मी लिहिला. बाकीचं काम मात्र अगदी चोख केलं, वेळेत दिलं, बिलातही एक रुपया जास्त लावला नाही.

दोन महिन्यांनी पत्नी सहज शेजारी बसून स्क्रीन बघत होती. तिने विचारलं, "ही तेवीस माणसं येतात कुठून?"

"अगं, तसंच असतं सगळीकडे."

"मग रविवारी मुलांना नववी आज्ञा कशी शिकवतोस?"

मी गप्प बसलो, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे : "पण घेतलेल्या साठ हजारांचं काय?"

अमस्याला मिळालेलं उत्तर साधं होतं : परमेश्वर तुला त्याहून पुष्कळ देऊ शकतो. त्याने ऐकलं आणि ते सैन्य परत पाठवलं. मीही कळवलं की खरा आकडा असेल तरच दाखवीन. काम गेलं. पैसे परत मागितले गेले, ते मी १५,००० च्या चार हप्त्यांत फेडले. आणि नाही, पुढच्या आठवड्यात दुप्पट पैशांचं काम आलं नाही. दोन महिने तो खोटा आकडा बघून ज्यांनी घाईघाईने खरेदी केली, त्यांचे पैसेही मी परत करू शकत नाही. अमस्याचंही तसंच झालं. परत पाठवलेल्या सैनिकांनी चिडून यहूदाची नगरे लुटली आणि ३,००० माणसे मारली. आज्ञा पाळली म्हणून आधीच्या चुकीचा हिशेब पुसला जातोच असं नाही.

पण या अध्यायातला खरा धोका यानंतर येतो. अमस्या क्षार खोऱ्यात जिंकला, आणि येताना हरलेल्या लोकांचे देव घरी घेऊन आला आणि त्यांच्यापुढे वाकला! संदेष्ट्याने विचारलं, ज्या देवांना स्वतःचे लोक तुझ्या हातून वाचवता आले नाहीत, त्यांच्या मागे तू का लागलास? राजाने त्याला गप्प केलं. मग फुगलेल्या मनाने त्याने इस्राएलाच्या राजाला आव्हान दिलं, बेथ-शेमेशला हरला, आणि यरुशलेमेचा ४०० हात कोट पाडला गेला. १०० किक्कार सोडणारा माणूस आपला मोठेपणा सोडू शकला नाही. तो कोपरा त्याने स्वतःकडेच ठेवला होता.

माझा कोपराही तोच निघाला. पैसे फेडून झाल्यावर घरगुती प्रार्थनासभेत मी साक्ष दिली. छान रंगली. देवाने कसं सामर्थ्य दिलं, मी कसा नकार दिला. लोक "प्रेज द लॉर्ड" म्हणाले. फक्त दोन गोष्टी राहिल्या : तो प्रश्न मला नव्हे, पत्नीला पडला होता, आणि नकार देण्याआधी तो कोड दोन महिने चालू होता. घरी आल्यावर गाडी लावताना ती एवढंच म्हणाली, "साक्षीतसुद्धा तेवीस माणसं दाखवलीस."

प्रियांनो, त्या रात्री मला 'शालेम' चा अर्थ कळला. पाप सोडतानाही मी थोडं श्रेय खिशात टाकलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी उरलेली साक्ष दिली. दोन मिनिटांची. या वेळी कोणी काही म्हणालं नाही. सभेनंतर मात्र एका वयस्कर काकांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, "माझंही एक सांगायचं राहिलंय रे."

कालेबाकडे पाहा. यहोशवा १४ मध्ये तो पूर्णपणे देवाच्या मागे चालला हे तीन वेळा येते. ४० व्या वर्षी हेर म्हणून गेलेला हा माणूस ८५ व्या वर्षी डोंगराळ, कठीण मुलूख मागतो. मधली ४५ वर्षे, त्यातली बहुतेक रानात, दुसऱ्यांच्या अविश्वासामुळे गेली. तरी त्याचे मन दुभंगले नाही. अखंड मन एका सभेत तयार होत नाही. ते रोज देवापुढे उघडावे लागते. आणि ते आपण स्वतःच्या जोरावर जोडूही शकत नाही. म्हणून स्तोत्र ८६:११ मध्ये दावीद आपलं मन एक करून दे, असं देवाकडेच मागतो. गेथशेमाने बागेत स्वतःची इच्छा पूर्णपणे पित्याला देणारा येशू आपल्यासाठी मध्यस्थी करतो, हाच आपला आधार आहे.

आज स्वतःला विचारू या : देवाने सोडायला सांगितलेल्या कोणत्या गोष्टीबद्दल मी अजून 'त्या शंभर किक्कारांचं काय?' असं विचारतो आहे? आणि जे सोडलं, त्याचं श्रेय मी कुठे लपवून ठेवलं आहे?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, मी पुष्कळ गोष्टी नीट करतो, पण सगळ्या मनाने नाही, हे तुला माहीत आहे. जो कोपरा मी तुझ्यापासून राखून ठेवला आहे तो मला दाखव, आणि माझे दुभंगलेले मन तूच एक कर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.