भातुकली आणि मोठे होणे

लहानपणीचे खेळणे हातून नेमके केव्हा सुटते? ब्रिटिश मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९५१ साली वाचलेल्या निबंधात याचा विचार केला आहे. त्यांच्या मते मुलाची जिवलग वस्तू विसरली जात नाही, तिच्यासाठी शोकही होत नाही. तिचा अर्थ हळूहळू ओसरतो.

माझा अनुभव थोडा निराळा आहे. प्रभादेवीच्या चाळीत माझ्यापाशी सावंतवाडीची रंगीत लाकडी भातुकली होती : जाते, पोळपाट, चूल. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या घरी अशी खेळणी गावाहून येत. गॅलरीत आम्ही मुली कुरमुऱ्यांचा भात रांधीत असू. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचा पगार थांबला. आई पापड लाटायला घेऊ लागली. दहा वर्षांची मी खरा पोळपाट घेऊन तिच्याशेजारी बसले. पुढे भातुकली मांडलीच नाही. तिचा अर्थ ओसरला नव्हता. तो खऱ्या पोळपाटाकडे गेला होता.

म्हणून विनिकॉट यांच्या विवेचनाला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते : खेळणे कधी आपण सोडतो, कधी परिस्थिती सोडायला लावते. पहिले विस्मरणात जाते. दुसरे, माझ्या लाकडी जात्यासारखे, कपाटात जपून ठेवले जाते.